खजूर रोडवरची रेवा

परवा रात्री साडेबारा वाजता मी झोपलेल्या भाच्याला गदागदा हलवून उठवलं. लॅपटॉपवरचं एक गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायचं होतं आणि सकाळपर्यंत दम धरवत नव्हता. तो डोळे चोळत म्हणाला, "मामा, सहाव्यांदा?" म्हटलं, "हो, सहाव्यांदा. आणि आवाज वाढव."

ते गाणं पहिल्यांदा ऐकलं त्याला चार दिवस झाले. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे म्हसावदला. युरियाची पावती फाडता फाडता, पपईच्या रोपांवरच्या रोगाचं बोलता बोलता, समोर येईल त्याला मी हे सांगत सुटलोय. सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून आज लिहायलाच बसलो.

झालं असं की भाचा पुण्याला शिकतो, दिवाळीच्या सुटीत आलाय. संध्याकाळी ओट्यावर बसून तो एक सिनेमा बघत होता. अमेरिकेत रॉन आणि रसेल मेल नावाचे दोन भाऊ आहेत, त्यांचा 'स्पार्क्स' नावाचा बँड आहे, त्यावर एडगर राइट या दिग्दर्शकाने २०२१ मध्ये केलेला माहितीपट. पन्नास वर्षं हे भाऊ गाताहेत. एक नाचून नाचून गातो, दुसरा बारीक मिशी ठेवून की-बोर्डमागे दगडासारखा बसतो. लोक मध्येच डोक्यावर घेतात, मध्येच विसरून जातात, यांचं चालूच. मी दहा मिनिटं उभ्या उभ्या बघितलं आणि सहज विचारलं, "आपल्याकडे नाहीत का रे असे कोणी?"

भाचा म्हणाला, "आहेत ना. आणि तुम्हाला तर माहीतच पाहिजेत."

त्याने 'लीव्हिंग होम' नावाचा माहितीपट लावला. 'तुम्हाला तर माहीतच पाहिजेत' असं तो का म्हणाला ते मला पाऊण तासाने कळलं.

आमच्याकडे बँड म्हणजे लग्नातला बँड. गाडीवर भोंगे, पुढे की-बोर्डवाला, नवरदेव घोड्यावर. रात्रभर रंगणारी सोंगाड्या पार्टीही आम्हाला ठाऊक आहे. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात ढोल आणि पावरी घुमते तेव्हा पाय जमिनीवर ठरत नाहीत, तेही ठाऊक आहे. पण जुन्या बंगल्यातल्या एका खोलीत चार माणसं बसलीत, गिटार आहे, ड्रम आहे, त्या ड्रमच्या शेजारी मांडी घालून एक जण तबला वाजवतोय आणि वाजवता वाजवता तोच गातोय, हे मी जन्मात बघितलं नव्हतं. आणि हे चौघं एकमेकांकडे बघतात कसे! भजनी मंडळात पखवाजवाला आणि पेटीवाला समेच्या आधी एकमेकांकडे बघतात ना, तसे.

या बँडचं नाव 'इंडियन ओशन'. सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची गाठ १९८४ ची, बँड उभा राहिला १९९० मध्ये. १९९१ ला राहुल राम आले, १९९४ ला अमित किलम. सुष्मित गिटार वाजवतात, पण त्या गिटारीत कानाला सतार सापडते, सरोद सापडतो. असीम तबला आणि गाणं. राहुल बेस गिटार आणि गाणं. सगळ्यांत तरुण अमित ड्रमवर, आणि मधूनच तो गबगुबी काढतो. गबगुबी म्हणजे बंगालच्या बाऊलांचं ते वाद्य, काखेत धरून तार ताणत वाजवायचं. त्यातून कुणीतरी हसत हसत रडावं तसा आवाज येतो. दिल्लीतला रॉक बँड आणि हातात बाऊलाची गबगुबी! मी भाच्याला म्हटलं, थांब, एवढाच तुकडा परत दाखव.

चौघांत एक पुढे आणि बाकीचे मागे असा प्रकारच नाही. 'हा गायक आणि हे त्याचे साथीदार' असं बोट दाखवायला गेलात तर सापडणार नाही. आणि गाणी कुठून कुठून आणलीत! 'कंदिसा' हे गाणं केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेतलं, आणि भाषा सिरियाक, म्हणजे येशू ख्रिस्त जी अरामी बोलायचा तिच्याच कुळातली. 'हिल्ले ले' भोजपुरी, गोरख पांडे या क्रांतिकारी कवीचं. 'झीनी' कबीराची. एक गाणं बौद्ध मंत्रावरचं. आणि 'बंदे'! 'ब्लॅक फ्रायडे' या अनुराग कश्यपच्या सिनेमातलं, पीयूष मिश्रांनी लिहिलेलं 'बंदे' मी किती वेळा ऐकलं असेल, एसटीत, लोणखेड्याच्या चहाच्या टपरीवर, शेजारच्या पोरांच्या मोबाइलवर. कोणाचं आहे हे एकदाही विचारलं नाही. ते यांचं! ही माणसं माझ्या कानात कधीची येऊन बसली होती आणि मी त्यांना नाव-गाव विचारलं नव्हतं.

सिनेमा केलाय जयदीप वर्मा यांनी. एप्रिल २०१० मध्ये तो थिएटरात लागला, माहितीपट असून तिकीट काढून बघायचा, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा कला-संस्कृतीवरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट तो ठरला. मला त्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटली ती अशी की वर्मा गाणं कापत नाहीत. टीव्हीवर काय करतात, अर्धं कडवं झालं की वर बोलायला लागतात. इथे गाणं सुरू झालं की पूर्ण होऊ देतात. आधी त्या माणसाची गोष्ट, मग ते गाणं, आणि गोष्ट कळल्यावर तेच गाणं वेगळंच ऐकू येतं. चित्रपटाचा सगळा जीव या मांडणीत आहे. आणि ती खोली! दिल्लीच्या करोलबागेत १६/३३०, खजूर रोड, असा तिचा पत्ता. तिथल्या जुन्या बंगल्यात ही मंडळी वर्षानुवर्षं रियाजाला जमत होती. नुसतं बसायचं, वाजवत राहायचं, कुणाला काही सुचलं की बाकीच्यांनी त्याला धरून पुढे जायचं. सूर आधी, शब्द मागाहून.

आता पाऊण तासानंतरचं सांगतो.

राहुल राम बोलायला लागले. आयआयटी कानपूरला शिकलेला माणूस, पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी, विषय पर्यावरणातली विषद्रव्यं. इथेच मी खुर्ची पुढे ओढली. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण मी रोज शेतकऱ्याला दाखवत असतो, 'दादा, लाल म्हणजे जहाल, तोंडाला फडकं बांधा' असं सांगत असतो. त्या विषयातला डॉक्टर गिटार घेऊन समोर बसलाय! आणि ही पदवी घेऊन तो आला कुठे, तर नर्मदेच्या खोऱ्यात. नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं काम केलं. तिथे खोऱ्यातल्या लोकांकडून ऐकलेलं रेवामाईचं एक पारंपरिक गाणं सोबत घेऊन तो दिल्लीला गेला आणि त्या खोलीत चौघांनी मिळून ते वाजवलं. २००० साली निघालेल्या 'कंदिसा' आल्बममधलं हे गाणं, 'मा रेवा'.

आणि ते सुरू झालं.

आधी बेस गिटार, जाड, खालच्या पट्टीतली, पाणी खडकाला घासून जावं तशी. मग ड्रम. मग तबला त्यात शिरतो आणि वाटतं की आता दोन ओढे एकत्र आले. आणि वरून दोन गळे, रेवेला हाक मारणारे. मी तिथल्या तिथे उभा राहिलो. माझ्या अंगावर काटा होता, अगदी दंडावरचे केस दिसत होते. कारण ही नदी कुणाची? आमची. माझ्या दुकानाच्या ओट्यावर उभं राहून उत्तरेकडे बघितलं की सातपुडा दिसतो, आणि तो ओलांडला की ती. शहाद्याहून धडगावला जाणारी एसटी माझ्या दारावरून जाते. चाळीस वर्षं मी तिच्या एवढा जवळ राहतोय, आणि तिचं गाणं मला करोलबागेतून ऐकायला मिळालं!

मराठी माणसाला रेवा कळली ती पुष्कळदा पुस्तकांतून. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' माझ्या वडिलांनी मला वाचायला दिली होती. शूलपाणीची झाडी, तिथले भिल्ल, रात्रीचे मुक्काम, सगळं त्यात वाचलेलं. पण आमच्या भागात नर्मदा म्हणजे पुस्तक नाही, नर्मदा म्हणजे माणसं आहेत. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात गेली. मणिबेली हे त्यातलं पहिलं गाव, तिथलं शूलपाणेश्वराचं मंदिरही पाण्याखाली गेलं. त्या गावांतली माणसं डोंगर उतरून खाली आली. तळोद्याच्या जंगलातली ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करून त्यांच्यातल्या पुष्कळांना तिथे वसवलं. वसाहतींची नावं काय, तर रेवानगर, नर्मदानगर. नदी मागे राहिली, नाव बरोबर आलं. त्यांच्यातले बरेच जण बियाणं घ्यायला माझ्याकडे येतात.

लहानपणीचं मला चांगलं आठवतं. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता, नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. कलेक्टर कचेरीवर मोर्चा असला की डोंगरातून ट्रक भरून माणसं म्हसावदवरून जायची. बायका उभ्या, ट्रकच्या फाळक्याला धरलेल्या, आणि गात. ट्रक गावात शिरायच्या आधी गाणं ऐकू यायचं आणि ट्रक दिसेनासा झाला तरी ऐकू येत राहायचं. आम्ही पोरं मागे पळायचो. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांच्या १९९५ च्या 'अ नर्मदा डायरी' या माहितीपटात त्या काळातली माणसं दिसतात. तोही भाच्याने मला दुसऱ्या दिवशी दाखवला आणि माझा तो दिवसही गेला. पण ट्रकमधलं ते गाणं मी 'मोर्चातला आवाज' म्हणूनच धरलं होतं. ते संगीत आहे, त्याला सूर आहे, ताल आहे, ते कुणीतरी दिल्लीला नेऊन मन लावून वाजवावं एवढं ते मोठं आहे, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. एका सिनेमाने चाळीस वर्षांचे कान धुऊन दिले.

रेवा या शब्दाचा अर्थ मी शाळेत शिकलो होतो, खडकांवरून उड्या मारत जाते ती रेवा. आज धडगावच्या पलीकडे गेलात तर ती उडी मारताना दिसत नाही. धरणाचं पाणी आहे, लांबच लांब, हिरवट, उभं. डोंगरांचे शेंडे त्यातून बेटांसारखे वर आलेत आणि बार्ज फिरते. ज्यांनी वाहती नदी बघितली नाही अशी पोरं आता लग्नाची झाली. त्यांना ती कशी होती हे कसं सांगायचं? मी तर म्हणतो, हे गाणं ऐकवा. त्यात शेवटाकडे चौघं मिळून लय वाढवत नेतात, तबला आणि ड्रम एकमेकांना ढकलत पुढे काढतात, आणि बेस गिटार खालून सगळ्यांना उचलून धरते. ती उडी आहे. पाच मिनिटांत डोळ्यांसमोर उभी राहते.

कुणी म्हणेल, लोकांचं गाणं शहरात नेलं, त्यावर आल्बम काढला, त्यात काय मोठं? हे मी स्वतःलाच विचारून बघितलं. सिनेमा बघितल्यावर माझं उत्तर पक्कं आहे. राहुल राम तिथे गाणी गोळा करायला गेले नव्हते, काम करायला गेले होते. गाणं त्यांना कामात मिळालं. २०१४ च्या 'तांदनू' आल्बममध्ये 'चीतू' नावाचं गाणं आहे, अलिराजपूरकडच्या छितू किराड या लढवय्याचं, ते पण याच खोऱ्यातलं. म्हणजे खोरं सोडून वीस वर्षं झाली तरी त्या माणसाच्या गळ्यातून खोरं गेलेलं नाही. आणि त्या गाण्यात साथ कुणाची, तर कर्ष काळे यांची, परदेशात वाढलेला आपला मराठी माणूस! हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच होतो, तरी मोठ्याने 'वा' म्हणालो.

आता जे सांगायचं ते जड आहे. सिनेमा बघत असताना असीम चक्रवर्तींवर माझा जीव जडला होता. तबल्यावर बोटं चाललेली, मान किंचित तिरकी, आणि गळ्यातून असा आवाज की त्यात काही दाखवायचं म्हणून नाही. तो आवाज मोकळा आहे, रानात गुरं वळणाऱ्याचा असतो तसा. सिनेमा संपल्यावर मी भाच्याला विचारलं, हे सध्या कुठे कार्यक्रम करतात, आपण जाऊ. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, असीम २५ डिसेंबर २००९ ला गेले. म्हणजे सिनेमा थिएटरात लागायच्या सुमारे तीन महिने आधी. हृदयविकाराने.

मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन तासांपूर्वी ज्या माणसाची ओळख झाली तो जाऊन इतकी वर्षं झालेली! आणि वर्मांनी तो चौघांचा बँड त्या खोलीत असताना टिपून ठेवला नसता तर माझी ती ओळखही झाली नसती. पुढे २०१० मध्ये बँडने त्या घराचा पत्ताच आल्बमला नाव म्हणून दिला, '१६/३३० खजूर रोड', आणि त्यातली गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. असीमचा आवाज त्यात आहे. ती सातही गाणी मी भाच्याकडून उतरवून घेतली.

बँड थांबला नाही. हिमांशू जोशी गायला आले, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर बसले. २०१३ मध्ये सुष्मित सेनही बाहेर पडले आणि गिटार निखिल राव यांनी घेतली. 'मसान' सिनेमातली गाणी यांचीच. २०२३ मध्ये 'तू है' हा नवा आल्बम आला. तीस वर्षं उलटून गेली. पण मला तो खजूर रोडचा चौघांचा बँड आधी भेटला, तर माझा जीव तिथेच अडकलाय, त्याला माझा इलाज नाही.

आणि काल सकाळची गोष्ट.

रेवानगरकडचे एक बाबा हरभऱ्याचं बियाणं घ्यायला आले होते. मूळचे अक्राणीतले, नदीकाठचे. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, कमी बोलणारे. बियाण्याची पिशवी बांधेपर्यंत मी त्यांना म्हटलं, "बाबा, बसा, एक गाणं ऐका." भाच्याने भजनी मंडळाचा स्पीकर आणून जोडलेलाच होता. खताच्या पोत्यावर ते टेकले. गाणं सुरू झालं.

पहिल्या मिनिटाला त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. रेवेचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. मग शेजारी पडलेला औषधाचा रिकामा पत्र्याचा डबा त्यांनी पायाशी ओढला आणि दोन बोटांनी त्यावर ठेका धरला. गाण्यातला ठेका नव्हता तो, दुसराच होता, त्याच्या आत बसणारा. भाचा माझ्याकडे बघायला लागला. गाणं संपलं तरी डबा चालू होता.

"हे कुठले?" त्यांनी विचारलं.

"दिल्लीचे, बाबा. त्यांच्यातला एक जण तुमच्याकडे होता तेव्हा, आंदोलनात."

"तेव्हा पुष्कळ पोरं यायची," ते म्हणाले. "भाकर खायची, रात्री आमच्याबरोबर गायची." मग थोडं थांबून म्हणाले, "चांगलं वाजवतात. पण शेठ, ढोल नाही यात."

मी म्हटलं, नाही.

"ढोल पाहिजे होता," ते म्हणाले. खिशातून मोबाइल काढला आणि भाच्यासमोर धरला, "यात टाक." गाणं जाईपर्यंत ते बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

रविवारी रात्री आठ वाजता दुकानामागच्या खळ्यात आम्ही पडदा बांधतोय. प्रोजेक्टर शहाद्याहून येतोय. 'लीव्हिंग होम' अख्खा दाखवणार, मध्ये कुठे थांबवणार नाही. म्हसावदची भजनी मंडळी येणार आहेत, आणि रेवानगरला निरोप धाडलाय की येताना ढोल आणा.